कोमट पाण्याची नळी आणि बारीक नसा

 कुष्ठरोगाचा घाला त्वचेतल्या बारीक नसांवर फार लवकर पडतो. अनेकदा स्पर्श शाबूत असतानाच ऊन-गार कळेनासं होतं. ते तपासायला दोन परीक्षानळ्या पुरतात: एकीत कोमट पाणी, दुसरीत गार. रुग्णाला डोळे मिटायला सांगून नळी आधी निरोगी कातडीवर, मग रोगाच्या चट्ट्यावर टेकवायची आणि 'ऊन की गार?' विचारायचं. पाणी फार कढत नको, नाहीतर ऊब राहते बाजूला आणि वेदनाच तपासली जाते.

ऊब वाहून नेणाऱ्या बारीक सी-तंतूंना मायलिनचं आवरण नसतं. त्यांचा संदेश सेकंदाला जेमतेम 1 मीटर जातो. नेहमीची विजेची नस-तपासणी जाड तंतूच मोजते. म्हणून तळपायांची आग होणाऱ्या मधुमेह्याचा रिपोर्टही 'नॉर्मल' येऊ शकतो. त्याला मनाचे खेळ म्हणून घरी धाडणं हा अन्याय आहे.

अशा वेळी यंत्र कामी येतं. थर्मोड नावाची छोटी पट्टी पावलावर बांधतात. 32 अंश सेल्सिअसपासून ती हळूहळू तापते आणि ऊब जाणवताच रुग्ण बटण दाबतो. भाजू नये म्हणून साधारण 50 अंशांना ती आपोआप थांबते. मात्र रुग्णाचं लक्ष हवं; पेंगणाऱ्याचे आकडे फसवे. शिवाय दोष मज्जारज्जूत किंवा मेंदूत असला, तरी उत्तर बिघडतं.

उत्तर भारतातल्या कुष्ठरुग्णांवरच्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन्फिर' अभ्यासात ऊब ओळखण्यातला बिघाड नेहमीच्या स्पर्शचाचणीच्या कित्येक आठवडे आधी दिसू शकतो, असं आढळलं.