फाइलला नाव ठेवताना

मुलांनो, कोणालाही नावे ठेवू नयेत, असे घरची मोठी माणसे सांगतात. नावे ठेवणे म्हणजे दोष काढणे. पण संगणकावरील फाइलला नाव ठेवावेच लागते आणि ते विचार करून ठेवावे लागते.

तुर्भे येथील आमच्या शाळेतील दोन मुलींनी तिथल्या घाऊक बाजाराविषयी माहिती गोळा केली. एकीने कांदा-बटाट्याच्या बाजारावर लेख लिहिला, दुसरीने फळबाजारावर. शाळेच्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली होती. पहिलीने आपल्या फाइलला इंग्रजी लिपीत 'बाजार' हे नाव दिले व पहिले अक्षर मोठे लिहिले. दुसरीनेही तेच नाव दिले. पण सगळी अक्षरे लहान लिहिली. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहिल्या.

काम जपण्यासाठी त्या 'गिट' वापरत होत्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट तयार केले. दुकानदाराच्या रोजकीर्दीप्रमाणे त्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते. शिवाय अनेकजण आपापल्या संगणकावर एकच काम करू शकतात.

दुसरीने घरच्या विंडोज संगणकावर ते सगळे काम उतरवून घेतले. तिथे दोन फाइलींऐवजी एकच दिसली. गिटने तसा इशारा दिला होता. पण तिने तो वाचला नाही. तिने सर्व बदल नोंदवून शाळेत पाठवले. दुसऱ्या दिवशी पहिलीने आपली फाइल उघडली, तर कांदा-बटाट्याच्या जागी आंबे आणि संत्री! पंधरा दिवसांची मेहनत गेली म्हणून तिला रडू कोसळले. मैत्रिणीनेच मुद्दाम हे केले, असे तिला वाटले.

खरा दोष मैत्रिणीचा नव्हता. उर्दू आणि मराठी लिपींत लहान-मोठी अक्षरे नसतात, इंग्रजीत असतात. लिनक्स त्या दोहोंत फरक मानते. विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे एका फाइलच्या जागी दुसरी लिहिली गेली. गिटमधील जुन्या नोंदीतून हरवलेला लेख परत मिळाला आणि दोघींची दोस्तीही वाचली.

अशी अडचण मोठ्यांनाही येते. खुद्द लिनक्सच्या मूळ कामात केवळ लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळ्या असलेल्या फाइली आहेत. ते काम विंडोजवर जसेच्या तसे उतरत नाही.

आणखीही काही गोष्टी ध्यानात ठेवा. तारखेतील तिरकी रेघ नावात चालत नाही. कारण ती एका फोल्डरपासून दुसरे वेगळे करते. वेळ लिहिताना वापरतो ते दोन टिंबांचे चिन्ह, प्रश्नचिन्ह आणि तारा ही चिन्हे लिनक्सला चालतात, विंडोजला नाहीत. 'कॉन', 'ऑक्स', 'नल' ही इंग्रजी नावे जुन्या डॉसच्या काळापासून यंत्राच्या कामासाठी राखून ठेवलेली आहेत. विंडोजवर ती फाइलला देऊ नयेत.

आता उर्दूतील 'आम' हा शब्द घ्या. त्यातील अलिफ-मद संगणकात एकच चिन्ह म्हणून साठवता येते, किंवा अलिफ आणि मद अशी दोन चिन्हे म्हणूनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. लिनक्सला मात्र ती दोन निराळी नावे वाटतात.

म्हणून ज्या फाइली अनेक संगणकांवर जाणार आहेत, त्यांची नावे लहान इंग्रजी अक्षरांत, अंकांत आणि आडव्या रेघेने जोडून लिहावीत. तारीख लिहायची असल्यास आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. नावे आधीच सर्वांनी मिळून ठरवावीत. फाइलच्या आत मात्र उर्दू, मराठी, हवी ती भाषा खुशाल लिहावी.

आपल्या घरी चालणारे नाव दुसऱ्याच्या घरीही चालेल ना, एवढा विचार केला की कोणाची मेहनत वाया जात नाही. मग एकमेकांना नावे ठेवण्याची वेळही येत नाही.