भाकरीवर वाढलेला लांडगा

नाशिक रोड स्टेशनाबाहेर वडापावच्या गाड्यांभोवती घुटमळणारी तांबूस, शेपूट वर वळलेली कुत्री सगळ्यांच्या पाहण्यातली आहेत. त्यांना आपण गावठी म्हणतो आणि ही कुठल्या तरी चांगल्या जातीची बिघडलेली पिलावळ असावी, असे मनाशी धरून चालतो. वंशावळ काढायला बसले तर मात्र पहिला मान त्यांचाच. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड ही मंडळी अलीकडची. बहुतेक विलायती जातींचे आजचे रूप गेल्या दीड-दोनशे वर्षांत ठरले; इंग्लंडात केनेल क्लब निघाला तोच १८७३ साली.

२०१५ साली ३८ देशांतल्या ५४९ गावठी कुत्र्यांची जनुके तपासली गेली. अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आणि पॅसिफिकच्या बेटांवर काही ठिकाणी जुना वंश जवळजवळ पुसला गेलेला, युरोपीय रक्तच उरलेले. भारतातल्या कुत्र्यांत मात्र ही भेसळ अगदी नाममात्र निघाली. देवळालीसारख्या छावण्यांत गोऱ्या पलटणी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या, साहेबलोकांबरोबर त्यांची कुत्रीही देशात आली. पण गल्लीतल्या वंशावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

हा वंश निघाला लांडग्यापासून. पण नगर-सोलापूरच्या माळरानावरच्या आपल्या लांडग्यापासून नव्हे. ती लांडग्यांची वेगळी आणि फार जुनी शाखा आहे. २०२२ साली ७२ प्राचीन लांडग्यांचे जनुकसंच अभ्यासले गेले, तेव्हा कुत्र्यांचे जवळचे नाते युरेशियाच्या पूर्वेकडच्या प्राचीन लांडग्यांशी जुळले. ज्या कळपातून कुत्रा निघाला, त्याचे थेट वारस आज कुठे हिंडताना दिसत नाहीत.

माणसाची आणि कुत्र्याची गाठ पडली ती शेतीच्याही आधी. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली खाणकामगारांना एक थडगे सापडले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वी पुरलेले एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत सात महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून २०१८ साली कळले की त्याला डिस्टेंपर हा आजार झाला होता आणि तो होऊनही ते काही आठवडे तगले. कोणीतरी त्याला खाऊ-पिऊ घातल्याशिवाय हे होणे नाही. शिकारीला ज्याचा काडीचा उपयोग नाही अशा आजारी पिल्लाची शुश्रूषा माणूस तेव्हाही करत होता.

इथवर गोष्ट आली कशी? एक मत असे, की हिमयुगाच्या कडक हिवाळ्यात शिकारीचे चरबी नसलेले मांस उरायचे, कारण नुसती प्रथिने माणसाला एका मर्यादेपलीकडे पचत नाहीत. उरलेले लांडग्यांच्या वाट्याला जायचे. त्यांच्यातले जे कमी बुजरे, ते वस्तीजवळ टिकले आणि त्यांचीच पिल्ले वाढली. नुसत्या स्वभावाच्या निवडीने काय होते, हे सायबेरियात नोव्होसिबिर्स्कला १९५९ पासून कोल्ह्यांवर पाहिले गेले. दिमित्री बेल्यायेव आणि ल्युडमिला त्रुत यांनी दर पिढीतले माणसाला न बिचकणारे कोल्हे तेवढे निवडले. काही पिढ्यांतच ते शेपूट हलवत जवळ येऊ लागले. कोणाचे कान लोंबते, कोणाची शेपटी वळलेली. यातल्या काही खुणा त्या कोल्ह्यांत आधीपासूनच होत्या, असा आक्षेप आहे. स्वभावातला बदल मात्र नाकारता येत नाही.

पुढे माणूस धान्य पिकवू लागला आणि कुत्र्याचे पोटही बदलले. पिष्ट पचवायला लागणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. २०१३ च्या अभ्यासात कुत्र्यांत त्या ४ ते ३० भरल्या. शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर कुत्रे जगते ते या जनुकाच्या बळावर.

शेतकऱ्याचा आणि त्याचा हा शेजार आपल्याकडेही जुना आहे. गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यातला रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आहे. त्याला दोन बैल जुंपलेले, मागे हाकणारा माणूस आणि मधल्या दांडीवर उभा एक कुत्रा. बऱ्याच पुरातत्त्वज्ञांच्या मते हा ऐवज सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा. काहींना तो इतका जुना वाटत नाही. घडवणाऱ्याने कुत्र्याला मालकाच्या पुढ्यात जागा दिली, हे मात्र स्पष्ट दिसते.

माणसाकडे लक्ष ठेवण्याची सवय आजच्या भटक्या कुत्र्यातही मुरलेली आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवली आणि एकाकडे हात दाखवला. बरीच कुत्री भीतीने जवळच आली नाहीत. जी आली, त्यातल्या सुमारे ८० टक्क्यांनी दाखवलेले भांडे गाठले. शिकवणी कोणाची नव्हती.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. रेबीज जीवघेणा आहे. लोकांची भीती खोटी नाही. पण उकिरडा तसाच राहिला, तर हलवलेल्या कुत्र्याची जागा शेजारच्या गल्लीतले घेते. म्हणून नसबंदी आणि लसीकरणाच्या जोडीला कचऱ्याचा बंदोबस्त हवाच. आपल्या उरल्यासुरल्यावर जगायला शिकलेल्या या प्राण्याची संख्या आपण उघड्यावर किती टाकतो, यावरच ठरते.