इंजिनाची बैठक पक्की, तर उसाची खेप नक्की



ऊस विकास विभागाचे काम बेणे, लागण, खत आणि पाणी एवढ्यापुरतेच आहे असा समज आहे. परंतु वर्षभर राबून वाढवलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही, तर त्या कष्टाचे मोल कमी होते. तुटलेला ऊस 24 तासांच्या आत गाळला जावा हे आम्ही नेहमी सांगतो. वेळ लागला की ऊस वाळतो, वजन घटते आणि साखरेचा अंश उतरतो. वाटेत बंद पडलेल्या गाडीतला ऊस म्हणजे सभासदाच्या पदराला खार. म्हणून या अंकात वाहनाच्या अशा एका भागाविषयी लिहीत आहोत, ज्याकडे हंगाम सुरू होईपर्यंत कोणी पाहत नाही. तो भाग म्हणजे इंजिनाची बैठक, मिस्त्री लोकांच्या भाषेत फाउंडेशन.

इंजिन उड्या का मारते?

इंजिन शाफ्ट एका बाजूला फिरवते, तेव्हा त्याचे स्वतःचे धूड उलट्या बाजूला फिरू पाहते. रहाटाचा दांडा जोराने फिरवताना आपले अंग उलट बाजूला रेटले जाते, तसाच हा प्रकार. मोकळ्या गाडीत हा रेटा जाणवत नाही. भरलेली गाडी फडातून पहिल्या गिअरमध्ये उपसून काढताना मात्र तो सर्वांत जास्त असतो.

एक साधा हिशेब करू. इंजिनाचा पीळ 40 किलोग्रॅम-मीटर आणि पहिला गिअर सहापट धरला, तर गिअरबॉक्समधून 240 किलोग्रॅम-मीटर पीळ बाहेर पडतो. तेवढाच उलटा पीळ बैठकीवर येतो. दोन्ही बाजूंच्या फाउंडेशनमध्ये दोन फुटांचे, म्हणजे 60 सेंटिमीटरचे अंतर असेल, तर एक बाजू 400 किलोने खाली दाबली जाते आणि दुसरी तितक्याच जोराने वर उचलली जाते. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून 500 किलोचे धरले, तर प्रत्येक बाजूवर 250 किलो भार. म्हणजे उचलणाऱ्या बाजूचे रबर भार सोसण्याऐवजी 150 किलोने वर ताणले जाते. क्लच झटक्याने सोडला की हा ताण आणखी वाढतो. रबर दाब पुष्कळ सोसते. ताण आला की पत्र्यापासून सुटू लागते.

आपल्याकडच्या सर्वसाधारण ट्रकमध्ये पुढे जाताना क्लीनरकडची बाजू उचलली जाते आणि रिव्हर्समध्ये ड्रायव्हरकडची. म्हणून तपासताना दोन्ही बाजू पाहाव्यात.

अमेरिकेतला धडा

फाउंडेशनला रबर घालण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत 1931 साली प्लिमथ मोटारीत इंजिन रबरावर असे बसवले, की त्याची थरथर प्रवाशांपर्यंत पोचू नये. पुढे 1960 नंतरच्या दशकात तिकडे साध्या गाडीत दांडगे इंजिन घालण्याची हौस आली. इंजिनाची ताकद वाढली आणि रबरे फाटू लागली. शर्यतीचे शौकीन लोक इंजिन साखळीने चासीला बांधून ठेवू लागले.

जनरल मोटर्स कंपनीला डिसेंबर 1971 मध्ये शेव्हरोलेच्या सुमारे 67 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यांत कॅमेरो या नावाजलेल्या गाडीचाही समावेश होता. कारण हेच. फाउंडेशन तुटले की इंजिन वर उठे, ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जाई आणि ड्रायव्हरने पाय उचलला तरी गाडी धाव घेई. त्यावर उपाय म्हणून इंजिनाला तारेच्या दोराचा लगाम लावून दिला.

आपल्या भागात लोखंडी दांड्यांचा ॲक्सिलरेटर असलेले जुने ट्रक अजून उसावर चालतात. त्यांना हाच धोका आहे. औंढ्याच्या डोंगरातून वळणे घेत उतरणारी भरलेली गाडी अशी उधळली, तर नुकसान उसापुरते राहणार नाही. पुढे टोळीची बैलगाडी असते, रस्त्याने नागनाथाच्या दर्शनाला निघालेली माणसे असतात.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी

ट्रॅक्टरला चासी नसते. 1917 साली आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरात इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना बोल्टांनी जोडून तोच कणा केला. आजचे बहुतेक ट्रॅक्टर त्याच धर्तीचे आहेत. म्हणजे तिथे रबर नाही, बोल्ट हीच बैठक. ट्रॉल्यांचे ओझे आणि फडातले खड्डे यांनी इंजिन व क्लच हाउसिंग यांमधले बोल्ट ढिले होतात. आधी सांध्यातून तेल पाझरते, मग भोके लांबट होतात आणि शेवटी बीड तडकते. पुढच्या धुऱ्याचा ब्रॅकेटही याच कामात येतो.

ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. वर जोडली की चढाला ट्रॅक्टर पुढून उठतो, सुकाणू हातात राहत नाही. हा प्रकार जिवावर बेततो.

विहिरीवरचे इंजिन

किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात निघाली आणि मराठवाड्यातल्या विहिरींवर इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. आता विजेच्या मोटारी झाल्या, तरी वीज नसताना ऊस जगवायला अनेकांनी इंजिन जपून ठेवले आहे. ते लाकडी ओंडक्यावर ठेवू नये. काँक्रीटचा ओटा इंजिनाच्या वजनाच्या किमान तिप्पट असावा. बोल्ट काँक्रीटमध्ये वाकवून पुरावेत आणि ओट्यावर निदान सात दिवस पाणी मारावे. इंजिन सरकले की पट्टा घसरतो, पंपाची ग्लँड गळते, बेअरिंग जाते. डिझेल मात्र तेवढेच जळते.

ओळखावे कसे?

गाडी सुटताना थरथरते, गिअरचा दांडा नाचतो किंवा गिअर आपोआप सुटतो. पंख्याचे पाते रेडिएटरच्या जाळीला घासते. सायलेन्सरचा पाइप सांध्यात वारंवार तुटतो. यांपैकी काहीही दिसले तर आधी फाउंडेशन पाहावे.

तपासणी सोपी आहे. रिकामी गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढून पायाचा ब्रेकही दाबून धरावा. पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडावा आणि लगेच दाबावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उठते ते पाहावे. मग रिव्हर्समध्ये हेच करावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये.

काय करावे, काय टाळावे

एक रबर गेले तरी दोन्ही बाजूंची बदलावीत; नवे आणि थकलेले एका जुवाला जुंपू नये. फाटलेल्या रबराच्या जागी टायरचे तुकडे कोंबू नयेत. काही जण रबर काढून लोखंडच वेल्ड करतात. इंजिन हलत नाही हे खरे, पण सगळी थरथर चासीत जाते आणि ब्रॅकेट तडकतो. डिझेल व ऑईल लागले की रबर फुगून मऊ पडते, म्हणून गळती आधी बंद करावी. इंजिन उचलताना ऑईलच्या सम्पखाली जॅक लावू नये. कप्पी लावून हुकाला धरावे. इंजिनाचे वजन बैठकीवर आल्यावरच बोल्ट शेवटचे आवळावेत, तेही कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच.

नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले, अशी आपल्याकडची कथा आहे. देवळाची गोष्ट निराळी. इंजिनाने जागा सोडू नये हेच बरे.

वाहनमालक सभासदांना आमची विनंती आहे की, ऊसतोडीची टोळी दाखल होण्यापूर्वी, बॉयलर पेटण्याच्या आधीच, एक दिवस या कामाला द्यावा. ज्यांचा ऊस भाड्याच्या गाडीने जातो, त्यांनीही खेप भरण्याआधी ड्रायव्हरला एवढे जरूर विचारावे, "फाउंडेशन पाहिलंय का, भाऊ?" एका रबराच्या खर्चात ऊस वेळेवर काट्यावर येतो आणि गाडीवरची माणसे सुखरूप घरी जातात.