जुन्या दप्तरांतून नव्या दप्तरांत

घर बदलण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांवर एकदां तरी आलेला असेल. भांडींकुंडीं, अंथरुणें, पेट्या सर्व गाडींत भरावें, नव्या घरीं उतरावें, आणि मोजूं लागतां एक पितळी तांब्या कमी भरावा! तो वाटेंत पडला, जुन्या फडताळांत राहिला, कीं पूर्वींच कोणी उसना नेला होता? ज्यानें गाडी भरण्यापूर्वीं यादी केली असेल, त्यासच याचें उत्तर देतां येतें.

आज कचेऱ्या, पेढ्या, शाळा व इस्पितळें आपलीं दप्तरें कागदावरून संगणकावर, अथवा एका संगणक-प्रणालींतून दुसरींत नेत आहेत. हेंही एक घर बदलणेंच होय. नवें यंत्र उत्तम असलें म्हणजे काम फत्ते झालें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु अशा वेळचे घोटाळे यंत्रांत थोडे आणि त्यांत भरावयाच्या माहितींत फार असतात. हें कसें होतें, तें आम्ही लोणी काळभोरच्या प्रत्येक शेतकरी-घरीं आढळणाऱ्या एका कागदाच्या आधारें सांगतों. तो कागद म्हणजे सात-बाराचा उतारा.

गांवच्या दप्तरांतील नमुना ७ यांत जमीन कोणाची व किती, हें असतें. नमुना १२ यांत पिकें असतात. दोन्ही मिळून सात-बारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ प्रमाणें हक्कनोंदींतील लेख, तो खोटा ठरेपर्यंत, खरा मानला जातो. कर्ज, विक्री, वारसा या सर्व व्यवहारांत लोक त्यावरच विसंबतात. म्हणून एक आंकडा चुकला तर शेत जागचें हालत नाहीं, पण शेतकऱ्याची पत मात्र हालते.

चुकीच्या माहितीवर नवी व्यवस्था उभारल्यास काय होतें, याचा धडा आपल्या पुणें जिल्ह्यास फार पूर्वीं मिळाला आहे. १८२८ च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्यानें येथें मोजणी करून सारा बसविला. त्याची गणिताची पद्धति मोठी सूक्ष्म होती. परंतु हाताखालच्या लोकांनीं केलेलीं मोजमापेंच सदोष निघालीं, आणि ती व्यवस्था टाकून द्यावी लागली. पुढें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत नव्यानें काम केलें व १८३६ मध्यें तेथें ३० वर्षांचा सारा ठरविला. त्यांच्या पद्धतींत मोजलेल्या शेतांपैकीं कांहीं शेतें अधिकारी स्वतः पुन्हां मोजून पाहत. पाण्यांत माती असली तर घागर सोन्याची असून काय उपयोग?

आतां संगणकाकडे येऊं. महाराष्ट्रांतील सात-बारा क्रमाक्रमानें संगणकावर आला, हस्तलिखित उतारा देणें बंद होत गेलें, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळूं लागला. अशा स्थलांतरांत अडचणी चार प्रकारच्या येतात.

पहिली मापाची. ४० गुंठ्यांचा एकर आणि १०० आरांचा हेक्टर. एक गुंठा म्हणजे सुमारें १.०१ आर. समजा, जुन्या वहींत ३ एकर २० गुंठे क्षेत्र ‘३-२०’ असें लिहिलें आहे. खरें क्षेत्र साडेतीन एकर, म्हणजे सुमारें १ हेक्टर ४१.६ आर. लिहिणाऱ्यानें तें ‘३ हेक्टर २० आर’ असें घातलें, तर कागदावर जवळजवळ आठ एकर होतात! उलट ‘३.२०’ हा दशांश अपूर्णांक समजला, तर ३ एकर ८ गुंठेच उरतात, व १२ गुंठे हवेंत विरतात. आंकडे तेच, परंतु कोणत्या मापाचे, हें सांगणारा लेख बरोबर आला नाहीं.

दुसरी नांवांची. एकट्या हवेली तालुक्यांत लोणी काळभोर आणि लोणी कंद अशीं दोन गांवें आहेत. तलाठ्यास ‘लोणी’ म्हटलें तरी संदर्भावरून कळे. यंत्रास संदर्भ कळत नाहीं. म्हणून प्रत्येक गांवास एक स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. माणसांचेंही तसेंच. काळभोर हें आडनांव येथें अनेक घरांचें. त्यांत नांव व वडिलांचें नांव जुळलें, तर दोन माणसें एक होतात. उलट एका जागीं ‘दत्तात्रय’ व दुसऱ्या जागीं ‘दत्तात्रेय’ लिहिलें, कीं एका माणसाचीं दोन माणसें होतात!

तिसरी अक्षरांची. पूर्वीं संगणकावर मराठी लिहिण्याच्या अनेक रीती असत, व प्रत्येकीची अक्षरांस क्रमांक देण्याची तऱ्हा निराळी असे. एका रीतीचा मजकूर दुसरींत उघडला, तर नांवाच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसत. युनिकोड या जागतिक पद्धतींत प्रत्येक अक्षरास एकच ठरलेला क्रमांक आहे. ‘क’ चा २३२५. जुना मजकूर तींत आणतांना एखादी वेलांटी वा जोडाक्षर बिघडलें, कीं आडनांव पालटतें.

चौथी काळाची. जुनी वही उतरून घेण्याचें काम महिनोन्महिने चालतें. तोंवर गांव कांहीं थांबत नाहीं. कोणी जमीन विकतो, कोणी वारतो, भाऊ वाटण्या करतात. उतरून झालेल्या पानावर मागाहून फेरफार पडला आणि तो नव्या दप्तरांत गेला नाहीं, तर दोन्ही दप्तरें आपापल्या परी खरीं दिसून परस्परांस खोटें ठरवितात.

मग उपाय कोणते? पहिला, ताळा. बेरजेनंतर गुरुजी ताळा करावयास सांगतात, तो विद्यार्थ्यांस कंटाळवाणा वाटतो. परंतु येथें तोच तारतो. लागवडीचें क्षेत्र व पोटखराबा मिळून एकूण क्षेत्र आलें काय? खातेदारांच्या हिश्शांची बेरीज जुळते काय? मोजणी खात्याच्या आकारबंदाशीं आंकडा मिळतो काय? असा ताळा यंत्र हजारों पानांवर क्षणांत करूं शकतें. मात्र दोन भावांच्या हिश्शांची अदलाबदल झाली, तर बेरीज बरोबर येऊनही लेख चुकलेलाच राहतो. म्हणून दुसरा उपाय, जाणत्या माणसांपुढें वाचन. २०१७ सालीं राज्यभर विशेष चावडी वाचनाची मोहीम झाली, व संगणकावरील नोंदी गांवकऱ्यांस वाचून दाखविण्यांत आल्या. बांध कोणाचा, हें यंत्रापेक्षां शेजाऱ्यास अधिक ठाऊक असतें.

तिसरा उपाय, जुनें दप्तर जपून ठेवणें. नवें सिद्ध होईपर्यंत जुनाच साक्षीदार. आणि चौथा, दुरुस्ती उघडपणें करणें. चूक दिसली कीं गुपचूप खोडणें हा मोह वाईट. कोणी, केव्हां, कशाच्या आधारें पालटलें, हें लिहून ठेवलें म्हणजेच दुरुस्तीवर विश्वास बसतो. उपर्युक्त संहितेच्या कलम १५५ मध्यें लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची सोय आहे; त्यासाठीं जुन्या नोंदींच्या नकला जोडून तहसीलदाराकडे अर्ज करतात. मात्र ही वाट लेखनाच्या चुकीची आहे. मालकीचा तंटा तींतून सुटत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकीं कित्येक जण पुढें अशाच प्रणाली रचतील. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, पडद्यावरील प्रत्येक ओळीमागें कोणाचें तरी घर, कोणाचा तरी घाम आहे. तूर्त एवढें करा. सुटीच्या दिवशीं वडिलांजवळ किंवा आजोबांजवळ बसा. पेटींतला जुना हस्तलिखित उतारा व नवा संगणकीय उतारा शेजारीं शेजारीं ठेवा. गट क्रमांक, नांवें, क्षेत्र व फेरफाराचे क्रमांक मोठ्यानें वाचा. तुम्ही एक वाचावा, त्यांनीं दुसरा पाहावा. सर्व जुळलें तर समाधान. न जुळलें तर तें आजच कळलेलें बरें. कारण ज्या आजोबांस त्या शेताचा प्रत्येक बांध ठाऊक आहे, ते साक्षीस आहेत तोंवरच हें काम सोपें आहे.