लिंबाविना लिंबूसत्त्व

किराणा दुकानात ‘लिंबूफूल’ किंवा ‘लिंबूसत्त्व’ या नावाने साखरेसारखी दिसणारी जी पांढरी खडेदार पूड मिळते, ती म्हणजे सायट्रिक आम्ल होय. झटपट ढोकळ्यात, सरबतात किंवा दूध फाडून पनीर करताना ती चिमूटभर वापरली जाते, आणि नावामुळे ती लिंबाच्या रसातूनच काढली जात असावी, असा समज घरोघरी रूढ आहे. वस्तुस्थिती अशी, की जगात दरवर्षी २० लाख टनांहून अधिक तयार होणारे हे आम्ल जवळजवळ सर्वच्या सर्व साखरेवर पोसलेल्या एका काळ्या बुरशीकडून मिळवले जाते आणि लिंबाशी त्याचे नाते नावापुरते व इतिहासापुरतेच उरले आहे. दुसरा समज असा, की या पदार्थाचा उपयोग आंबटपणासाठी होतो. तो खोटा नसला तरी अपुरा आहे. कारण रक्तपेढीपासून पोलाद कारखान्यापर्यंत या आम्लाला जे स्थान मिळाले, ते त्याच्या चवीमुळे नव्हे, तर धातूंना घट्ट धरून ठेवण्याच्या त्याच्या गुणामुळे मिळाले.

स्वीडनमधील रसायनतज्ज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७८४ मध्ये हे आम्ल प्रथम स्फटिकरूपात वेगळे केले. त्यांनी लिंबाच्या रसात खडूची पूड मिसळली, तेव्हा रसातील आम्लाचा खडूतील कॅल्शियमशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा कॅल्शियम सायट्रेटचा साका तळाशी बसला. तो गाळून त्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केल्यावर कॅल्शियम जिप्समच्या रूपाने बाहेर पडले आणि शुद्ध सायट्रिक आम्ल द्रावणात राहिले. अडीचशे वर्षांकडे वाटचाल करणारी ही कृती आजही अनेक कारखान्यांत जवळपास त्याच क्रमाने चालते, फक्त खडूऐवजी चुना वापरतात. १८२६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये या आम्लाचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि पुढील जवळपास शतकभर त्याचा कच्चा माल इटलीतून, विशेषतः सिसिली बेटावरील लिंबांच्या बागांतून येत राहिला. लिंबाच्या एक लिटर रसात हे आम्ल जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे एक टन आम्लासाठी वीस हजार लिटरांहून अधिक रस लागतो. त्यामुळे ज्याच्या हाती लिंबांच्या बागा, त्याच्या हाती बाजारभाव, अशी परिस्थिती होती.

ही मक्तेदारी मोडली ती बुरशीने. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल वेमर यांनी १८९३ मध्ये पेनिसिलियम गटातील बुरशी साखरेपासून सायट्रिक आम्ल तयार करते, हे दाखवून दिले होते. पण त्यांच्या पद्धतीत वेळ फार लागे आणि मध्येच इतर जंतू शिरून सारा माल नासून जाई. ही अडचण दूर केली जेम्स करी या अमेरिकी अन्नरसायनतज्ज्ञाने. ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचे काही वाण अत्यंत आंबट द्रावणातही जोमाने वाढतात आणि भरपूर आम्ल देतात, असे त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या आंबट माध्यमात बहुतेक जंतू तग धरू शकत नाहीत, तेथे ही बुरशी निर्वेध काम करते, म्हणजे तिचा आंबटपणा हाच तिचा राखणदार ठरतो, हे करी यांच्या शोधाचे मर्म होय. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील फायझर कंपनीत आणि त्याच सुमारास बेल्जियममध्येही या पद्धतीचा अवलंब सुरू झाला आणि काही वर्षांतच सिसिलीच्या लिंबांची सद्दी संपली. ॲस्परजिलस नायजर ही काही दूरदेशीची वस्तू नव्हे. साठवणीतल्या कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी दिसते, ती बहुधा याच बुरशीची किंवा तिच्या अगदी जवळच्या जातीची असते.

बुरशी आम्ल का करते, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. अन्नापासून ऊर्जा मिळवताना सजीवांच्या पेशींत रासायनिक क्रियांचे एक चक्र सतत फिरत असते आणि त्या चक्रातील पहिला पदार्थ सायट्रिक आम्ल हाच असतो. हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये हे चक्र उलगडले व त्यासाठी त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. माणसाच्या शरीरात हे आम्ल तयार होताच पुढच्या पायरीवर खर्ची पडते. पण या बुरशीला साखर मुबलक, हवा भरपूर आणि मँगनीजसारखे धातू मात्र अत्यल्प दिले, तर चक्राचा तोल ढळतो आणि आम्ल पेशीबाहेर साचू लागते. कारखान्याचे सारे कौशल्य हा तोल नेमका किती ढळू द्यावा, यात आहे. साखर कारखान्यातील मळीवर ही बुरशी वाढवता येते, परंतु मळीत लोह व मँगनीज यांचा भरणा असल्यामुळे पोटॅशियम फेरोसायनाइडसारखे रसायन घालून ते आधी काढून टाकावे लागतात. सुरुवातीला उथळ परातींत द्रावण पसरून त्यावर बुरशीची साय धरू देत. पुढे ती मोठ्या टाक्यांत, खालून हवा सोडून, द्रवाच्या पोटात वाढवण्याचे तंत्र रूढ झाले. सायट्रिक आम्लासारखे पदार्थ किण्वनाने, म्हणजे सूक्ष्मजीवांकरवी आंबवून, तयार करण्याचा हाच अनुभव गाठीशी असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रुकलिनच्या त्याच कंपनीला १९४४ मध्ये खोल टाक्यांत पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करता आले. प्रतिजैविकांच्या इतिहासात सरबताच्या आंबटपणाचा हा वाटा सहसा सांगितला जात नाही, तो सांगितला गेला पाहिजे.

आता या आम्लाच्या मुख्य गुणाकडे वळता येईल. सायट्रिक आम्लाच्या एका रेणूत कार्बोक्सिल नावाचे, म्हणजे आम्लता देणारे, तीन अणुसमूह असतात आणि त्यांच्या जोडीला हायड्रॉक्सिल हा आणखी एक समूह असतो. कॅल्शियम, लोह, तांबे अशा धातूंचा विद्युतभारित अणू, म्हणजेच आयन, जवळ आला की हे समूह त्याला एकाच वेळी अनेक बाजूंनी पकडतात. अशा पकडीला रसायनशास्त्रात ‘चिलेशन’ म्हणतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे आणि नांगीत सापडलेले भक्ष्य जसे निसटत नाही, तसा पकडीतला धातू इतर क्रियांसाठी मोकळा राहत नाही.

या पकडीचा सर्वांत मोलाचा उपयोग रक्ताच्या बाबतीत झाला. शरीराबाहेर काढलेले रक्त काही मिनिटांतच गोठते आणि गोठण्याच्या साखळीतील अनेक पायऱ्यांना कॅल्शियमची गरज असते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रक्त द्यायचे, तर दाता व रुग्ण यांना शेजारी झोपवून थेट एकाच्या रक्तवाहिनीतून दुसऱ्याच्या रक्तवाहिनीत ते सोडण्याचा अवघड मार्ग पत्करावा लागे. १९१४ मध्ये बेल्जियममधील आल्बेर हुस्टिन आणि अर्जेंटिनातील लुईस अगोते या दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सोडियम सायट्रेट मिसळलेले रक्त रुग्णांना दिले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे रिचर्ड लुइसोन यांनी सायट्रेटची सुरक्षित मात्रा ठरवून दिली. सायट्रेटने कॅल्शियम धरून ठेवले की रक्त गोठत नाही, आणि ते रुग्णाच्या शरीरात गेल्यावर यकृत सायट्रेटचा निचरा करून टाकते. एवढ्या साध्या गोष्टीमुळे रक्त साठवणे शक्य झाले आणि रक्तपेढी ही संस्था उभी राहू शकली. आजही रक्तदान शिबिरातील पिशवीत दात्याचे रक्त येण्यापूर्वीच जो स्वच्छ द्रव भरलेला असतो, त्यात सायट्रेट, फॉस्फेट, डेक्स्ट्रोज व ॲडेनिन असतात आणि त्याच्या बळावर रक्त थंड तापमानात ३५ दिवसांपर्यंत वापरण्याजोगे राहते. यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट काढून घेताना काही दात्यांच्या ओठांभोवती मुंग्या येतात, त्याचे कारणही हेच: थोडे सायट्रेट दात्याच्या शरीरात परत जाते आणि तेथील मोकळे कॅल्शियम तात्पुरते कमी होते.

औषधांच्या क्षेत्रातील दुसरे उदाहरण भारतीय उपखंडाच्या अधिक जवळचे आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथे मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पाजून असंख्य रुग्णांना वाचवले. हेच मिश्रण पुढे पाकिटात भरून गावोगाव पाठवायचे ठरले, तेव्हा दमट हवेत सोडा व ग्लुकोज यांची पूड खराब होऊ लागली. म्हणून १९८४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात सोड्याऐवजी ट्रायसोडियम सायट्रेट घालण्यात आले, ज्यामुळे शरीरातील वाढलेली आम्लता तर कमी होतेच, पण पाकीटही दीर्घकाळ टिकते. २००२ च्या सुधारित सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात ते २.९ ग्रॅम असते.

खाद्यपदार्थ व पेये यांत या आम्लाचा निम्म्याहून बराच अधिक माल खपतो. सरबते आणि शीतपेये यांतील चव हा त्यातील उघड भाग झाला. पण कोकणातील हापूसच्या रसाचे डबे भरताना हे आम्ल घालतात, ते केवळ चवीसाठी नव्हे. पदार्थाची आम्लता मोजणारा सामू ४.६ च्या खाली असला की बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणारे जंतू डब्यात वाढू शकत नाहीत, म्हणून रसाचा सामू त्याखाली राखला जातो. मुरंब्याचा किंवा जॅमचा पाक घट्ट धरतो तो फळातील पेक्टिनमुळे, आणि पेक्टिनला त्यासाठी आंबट माध्यम लागते. पाकात लिंबू पिळण्याची घरगुती रीतही शास्त्रशुद्ध आहे, कारण आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत फुटतो आणि पाकाचे खडे होत नाहीत. चिरलेले सफरचंद काळे पडते ते तांबे धारण करणाऱ्या एका विकरामुळे आणि तेल खवट होण्यास लोहाचे व तांब्याचे सूक्ष्म अंश हातभार लावतात. दोन्ही ठिकाणी सायट्रिक आम्लाची तीच नांगी कामी येते. मात्र स्वयंपाकघरातला प्रत्येक आंबटपणा या आम्लाचा नसतो. चिंचेत प्रामुख्याने टार्टारिक आम्ल असते, दह्यात लॅक्टिक, आणि कोकमात सायट्रिकचेच भावंड म्हणावे असे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते.

कारखानदारीत या आम्लाची कामे इतकी विखुरलेली आहेत, की त्यांची यादी करण्यात अर्थ नाही. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला निकामी करतात, त्यांना बांधून ठेवण्यासाठी धुलाईच्या पावडरीत पूर्वी सर्रास फॉस्फेट घालत. सांडपाण्यातून ते नद्या-तलावांत जाऊन शेवाळ माजू लागल्यावर युरोपीय संघाने २०१३ पासून कपड्यांच्या आणि २०१७ पासून भांडी धुण्याच्या यंत्रासाठीच्या पावडरींतील फॉस्फेटवर कडक मर्यादा घातल्या, आणि त्याची जागा घेणाऱ्या पदार्थांत सोडियम सायट्रेट प्रमुख ठरले. ते पाण्यात सहज विघटित होते, हा त्याचा मोठा गुण आहे. स्टेनलेस स्टीलच्या वस्तूंवर घडणीच्या वेळी चिकटलेले लोहाचे कण काढले नाहीत, तर पुढे तेथे गंज धरतो. हे काम पूर्वापार नायट्रिक आम्ल करीत असे, पण त्याच्या विषारी वाफांपासून कामगारांना वाचवायचे, तर सायट्रिक आम्ल हा अधिक सुरक्षित पर्याय आहे. इमारतीच्या आराखड्याला ‘ब्ल्यू प्रिंट’ म्हणतात, तो निळा कागदही लोहाच्या सायट्रेट क्षारावर प्रकाश पडल्याने उमटत असे. जॉन हर्शेल यांनी ही पद्धत १८४२ मध्ये शोधली. भारतात डीएपी खताचा दर्जा ठरवताना त्यातील स्फुरदाचा किती अंश अमोनियम सायट्रेटच्या द्रावणात विरघळतो, हे पाहिले जाते, म्हणजे पिकाला किती स्फुरद मिळेल याची पारखही या आम्लाच्या क्षारावर सोपवलेली आहे.

इतक्या उपयुक्त पदार्थावर एक अन्यायही झाला आहे आणि त्याची नोंद आवश्यक आहे. पाकिटांवर हे आम्ल ‘आयएनएस ३३०’ आणि युरोपात ‘ई-३३०’ या क्रमांकाने छापलेले असते. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एक निनावी पत्रक पसरले, ज्यात विलज्विफ येथील एका नामांकित कर्करोग रुग्णालयाचे नाव खोटेपणाने जोडून ई-३३० हे सर्वांत घातक कर्करोगकारक असल्याचे म्हटले होते. रुग्णालयाने इन्कार करूनही ते वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहिले. या अफवेचा उगम शब्दांच्या घोटाळ्यात असावा, असे मानले जाते: आम्लाचे चक्र उलगडणाऱ्या शास्त्रज्ञाचे आडनाव क्रेब्स, आणि जर्मन भाषेत ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा व कर्करोगही. मराठीतील ‘कर्क’ या शब्दातही खेकडाच दडलेला आहे, हे लक्षात घेतले की असा घोटाळा कसा होऊ शकतो, हे सहज उमगते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत दररोज तयार होणाऱ्या पदार्थावर असा आरोप टिकू शकत नाही. या आम्लाची खरी जोखीम दातांना आहे. आंबट पेये वारंवार, घोटघोट घेत राहिल्याने दातांचे कवच झिजते, आणि ते शीतपेयाइतकेच लिंबाच्या रसालाही लागू आहे.

घरात किटली, गिझर किंवा नळाच्या तोटीवर बसलेला पांढरा क्षार काढण्यासाठी हे आम्ल उत्तम आहे, कारण तो क्षार मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पण शहाबादी फरशी आणि संगमरवर हेही त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे दगड असल्यामुळे त्यांची झिलई या आम्लाने कायमची जाते. तेव्हा अशा फरशीवर ते सांडू देऊ नये, आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रवात तर ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.