घडी मोडण्याआधी

नवी साडी पहिल्यांदा नेसली की आपण म्हणतो, घडी मोडली. हा वाक्प्रचार ज्याने कुणी रूढ केला, तो साडीच्या दुकानात कधी कामाला नसणार. दुकानातून घरी येईपर्यंत त्या साडीची घडी वीस-पंचवीस वेळा मोडलेली असते आणि तितक्याच वेळा कुणीतरी ती मुकाट्याने पुन्हा घातलेली असते. १९९१ च्या दिवाळीत तो कुणीतरी मी होतो.

कॉलेज सकाळचं होतं. दुपारी दोन ते रात्री नऊ मी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात हंगामी सेल्समन. हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी संपायचा. रोजाचे पंचवीस रुपये आणि दोन चहा. घरी आईने पत्रिका वाटल्यासारखं सगळ्या वाड्याला सांगितलं होतं, ‘आमचा साड्या विकायला लागलाय.’ पहिले आठ दिवस मी एकही साडी विकली नाही. मी फक्त घड्या घातल्या.

आणि खरं सांगायचं तर हे काम तेच आहे. बाहेरच्याला वाटतं, दुकानातला मुलगा विकतो. विकण्याला दहा मिनिटं लागतात, आवरायला चाळीस. एक बाई चाळीस साड्या बघते, एक घेते. उरलेल्या एकोणचाळीस गादीवर होळीच्या दुसऱ्या दिवशीसारख्या पसरलेल्या असतात आणि दारात पुढचं गिऱ्हाईक चपला काढत असतं.

आता घडीबद्दल थोडं सांगतो. संपादकांनी जागा दिली आहे तर ती इथेच खर्च करावी असं मनात आहे. ब्लाउजपीससह सहावारी साडी साधारण सव्वासहा मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर पन्ह्याची. आधी काठाला काठ लावून पन्हा निम्मा करायचा, पुन्हा एकदा निम्मा. मग लांबी चार वेळा दुमडायची. एकूण सहा दुमडी. दर दुमडीला थर दुप्पट होतात, म्हणजे हातात येतो तो चौसष्ट थरांचा एक चौकोन, वहीच्या दोन पानांएवढा. गणित सोपं आहे. पण पहिल्याच दुमडीत काठ दोन सुतं जरी सरकला, तरी शेवटी घडी तिरकी बसते आणि कपाटात गठ्ठ्यातून जीभ बाहेर काढल्यासारखी दिसते. शिवाय पदर आत जाता कामा नये. घडी अशी पडायला हवी की वरचा एक थर उचलला की पदर दिसावा. साडी पदरावर विकली जाते. हे सगळं मांडी घालून, साडी जमिनीला न लावता, हनुवटीखाली काठ धरून करायचं. कॉटनची साडी शहाणी असते, सांगाल तशी बसते. जॉर्जेट आणि शिफॉन मात्र हातातून पाण्यासारखे निसटतात. जरीच्या साडीची तऱ्हा वेगळी. तीच ती दुमड वर्षानुवर्षं राहिली तर जर तिथे तुटते, म्हणून पडून राहिलेला जरीचा माल काढून उलट्या दुमडीने घालायचा, हेही आमच्याच गळ्यात.

हे मला शिकवलं ते दुकानातल्या सर्वांत जुन्या सेल्समननी. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. काकांचा हात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता चालायचा. नजर समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर आणि खाली बोटं आपली आपण काठ जुळवतायत. मी विचारलं, ‘काका, बघत नाही तुम्ही?’ म्हणाले, ‘साडी काय बघायची, ती कुठे जातेय? माणूस बघ. तो उठून जातो.’

काकांचं खरं कसब साडी उघडण्यात नव्हतं, न उघडण्यात होतं. नवशिका मुलगा घाबरून कपाटच्या कपाट खाली काढतो. काका पहिल्या तीन साड्या मुद्दाम अगदी वेगवेगळ्या काढायचे: एक गडद, एक फिकी, एक भलतीच. बाईंचा हात कुठल्या साडीवर जातो ते बघायचे. तोंड काय बोलतं ते नाही, हात. मग बाकीच्या दोन लगेच घडी करून मागे. गादीवर कधीही पाच-सहाच्या वर साड्या राहू द्यायच्या नाहीत. ‘जास्त दाखवलं की गिऱ्हाईक गोंधळतं, आणि गोंधळलेलं गिऱ्हाईक “येतो जरा फिरून” म्हणतं.’ पुण्यात ‘येतो जरा फिरून’ याचा अर्थ काय होतो हे वाचकांना सांगायला नको.

संबोधनाचंही शास्त्र होतं. साठीच्या आतल्या बाईला काकू म्हणायचं नाही. बरोबर नवरा असेल तर वहिनी, मुली असतील तर ताई, आणि नऊवारी नेसलेल्या आजींना आजी न म्हणता आई. नवरा किंमत विचारतो, पण ठरवत नाही. सासूबाई गप्प असतात, त्या ठरवतात. म्हणून साडी पसरायची ती नेहमी गप्प बसलेल्या माणसापुढे. मी पुढे नोकरीत मोठमोठ्या साहेबांसमोर सादरीकरणं केली, तेव्हा हा एकच नियम पाळला आणि तो कधी फसला नाही.

उजेडाचंही एक प्रकरण होतं. ट्यूबलाइटखाली जांभळा वाटणारा रंग उन्हात वांगी निघतो, मोरपंखी हिरवट होतो. चोखंदळ गिऱ्हाईक साडी घेऊन दाराशी जातं. आमच्याकडे गिऱ्हाइकाने सांगायच्या आधी काका स्वतः साडी खांद्यावर टाकून फूटपाथवर जाऊन उभे राहायचे. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत, खांद्यावर अंजिरी सिल्क घेतलेला, टक्कल पडलेला, पांढऱ्या पायजम्यातला माणूस. निम्म्या साड्या तिथेच विकल्या जात.

किमतीच्या चिठ्ठीवर छापील आकड्याखाली बारीक अक्षरं असत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक परवलीचा शब्दसमूह घ्यायचा, पहिलं अक्षर म्हणजे एक, शेवटचं म्हणजे शून्य, की खरेदीची किंमत गिऱ्हाइकाच्या नाकासमोर लिहून ठेवता येते. कापडाच्या धंद्यात ही युक्ती जुनी आहे. आमच्या दुकानाचा शब्द मी आजही सांगणार नाही. मालक गेले, दुकानाच्या जागी मोबाइलचं शोरूम आलं, पण शब्द दिला तो दिला. त्याच चिठ्ठीच्या कोपऱ्यात कधी निळ्या पेन्सिलीची रेघ असे. म्हणजे हा माल दोन दिवाळ्या पडून आहे, खपवला तर सेल्समनला साडीमागे पाच रुपये. मी एका बाईंना निळ्या रेघेची एक राणी रंगाची साडी ‘तुम्हाला खुलून दिसेल’ म्हणून गळ्यात मारली. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. बदलून मागायला आल्या असं वाटून मी गोदामात लपलो. त्यांना जावेसाठी तशीच हवी होती. तरी ते पाच रुपये मला फार दिवस टोचले.

रीत म्हणून थोडा इतिहास. एकच भाव, किंमत लिहिलेली, माल न घेताही बघायची मुभा, हे सगळं १८५२ नंतर पॅरिसच्या बाँ मार्शेत अरिस्तीद बूसिकोने रुळवलं आणि त्यातून आजचं डिपार्टमेंट स्टोअर उभं राहिलं. झोलाने त्यावर १८८३ मध्ये कादंबरी लिहिली. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मीटर आला तरी साडी वारातच राहिली, कारण नऊवारीला ‘सव्वाआठ मीटरी’ कोण म्हणणार? महाराष्ट्रात दुकानांचा १९४८ चा कायदा जाऊन २०१७ साली नवा आला, त्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायला वाट मोकळी केली. झालं.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती बैठक. आमच्या दुकानात पांढऱ्या चादरीची गादी होती. गिऱ्हाईक बसलेलं, सेल्समन बसलेला, मालक गल्ल्यावर बसलेले. उठायचं ते फक्त कपाटाला हात घालायला. मग काउंटर आले, काचा आल्या, एसी आला आणि विकणारा उभा राहिला. तो उभाच आहे. एच. जी. वेल्स १८८१ ते १८८३ इंग्लंडमधल्या साउथसी इथे कापडदुकानात उमेदवारी करत होता; दिवसाचे तेरा तास काम, राहायचं दुकानाच्याच डॉर्मिटरीत. त्या अनुभवावर त्याने पुढे ‘किप्स’ लिहिली. त्याच इंग्लंडात १८९९ मध्ये कायदा करावा लागला की दुकानातल्या दर तीन स्त्री-कामगारांमागे निदान एक बसायची जागा हवी. तीन जणींत एक खुर्ची! मला हा आकडा वाचून हसू आलं, मग आलं नाही.

कारण आपल्याकडे तेवढंही कागदावर यायला २०१८ उजाडावं लागलं. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायका आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्यासाठी भांडल्या. विजी या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी उभी केलेली ‘पेणकूट्ट’ ही संघटना त्यात पुढे होती. अखेर राज्याने दुकान-कायद्यात दुरुस्ती केली. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तशीच तरतूद केली. चेन्नईच्या टी. नगरमधल्या भव्य साडीदुकानांतल्या पोरापोरींचं आयुष्य बघायचं असेल तर वसंतबालन यांचा २०१० चा ‘अंगाडी तेरू’ हा तमिळ चित्रपट बघा. मी तो पाहिल्यानंतर त्या भागात मुद्दाम जाऊन आलो. चार मजले चढलो, काही घेतलं नाही. प्रत्येक मजल्यावर मुली उभ्या होत्या आणि गिऱ्हाईक नसताना भिंतीला एक पाय टेकवून दुसऱ्याला विश्रांती देत होत्या. ही युक्ती मला ओळखीची होती. माझी पुतणी तशीच उभी राहते.

ती शनिवार-रविवार एका मॉलमध्ये, तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानात काम करते. शिकता शिकता, माझ्यासारखीच. तिला टार्गेट आहे, कानात वायर आहे, ट्रायल रूमच्या दाराशी किती कपडे आत गेले त्याचा टोकन आहे. साड्या नाहीत, जीन्स आणि टी-शर्ट. मी तिला घडीचं विचारलं तर म्हणाली, ‘काका, आम्हाला बोर्ड आहे. प्लास्टिकचा. त्यावर शर्ट ठेवायचा, दोन्ही बाजू आणायच्या, बोर्ड ओढून घ्यायचा. झाली घडी.’ मला जरा वाईटच वाटलं. मग तिने पुढचं सांगितलं. रात्री शटर अर्धं खाली आलं की खरं काम सुरू होतं. ट्रायल रूममधून आलेल्या कपड्यांचे रॅक भरलेले असतात. लोक लार्ज घालून बघतात आणि मीडियमच्या गठ्ठ्यात कोंबतात. एका बाजूची बाही उलटी, लिपस्टिकचा डाग कॉलरला. सगळं पुन्हा साइजप्रमाणे लावायचं. ‘दिवसभर किती विकलंस?’ मी विचारलं. ‘माहीत नाही. पण तीनशे तरी टी-शर्ट घातले असतील.’ घातले म्हणजे घडी घातले.

गेल्या दिवाळीत बायकोबरोबर एका दुकानात गेलो. काउंटरवर साड्यांचा ढीग झाला होता, समोरचा मुलगा असेल विशीचा, घामाघूम. ती पुढची साडी निवडत होती, तेवढ्यात माझे हात आपोआप चालले. काठाला काठ, हनुवटीखाली टोक, सहा दुमडी, पदर वर. तेहतीस वर्षांनी अशी घडी पडली की काकांनी पाठ थोपटली असती. मी ती मुलाकडे सरकवली.

‘राहू द्या ना काका, कशाला त्रास,’ तो म्हणाला. त्याने माझी घडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि एका झटक्यात मोडली.

‘बारकोड आत गेलाय,’ म्हणाला, आणि नव्याने घालायला लागला.