नौकेवरील वाऱ्याचे यंत्र

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेस रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात शिरलेला आहे. त्याच्या पायथ्याशी मिरकरवाडा हे मच्छीमारांचे बंदर वसले आहे. वायव्येचा वारा वाहत असता या डोंगराच्या आडोशाला उभ्या असलेल्या नौकेस तो मंद वाटतो. तीच नौका उघड्या समुद्रात गेली, की डोलकाठीच्या दोऱ्या शीळ घालू लागतात. वारा तोच, जागा मात्र निराळी.

वाऱ्याचा अंदाज चुकणे समुद्रावर जिवावर बेतते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कोकणातील अनेक मच्छीमार समुद्रात होते. त्यांतील काही परतले नाहीत.

वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रास वायुवेगमापक म्हणतात. त्याच्या दांड्यांना लावलेल्या अर्धगोल वाट्या वाऱ्याने गरगर फिरतात. दिशा दाखविण्याचे काम वातकुक्कुट करतो. वेधशाळेत ही यंत्रे मोकळ्या मैदानात, जमिनीपासून १० मीटर उंचीवर असतात. नौकेवर मैदान कोठून आणावे?

केबिनचे छप्पर सोयीचे वाटते, कारण तेथे हात पोहोचतो. परंतु ती जागा फसवी आहे. नदीच्या पात्रातील खडकावर पाणी जसे उसळते आणि त्याच्या मागे भोवरे धरते, तसाच वारा केबिनवर आपटून वर उसळतो व पलीकडे घोटाळतो. छपराला चिकटून बसविलेले यंत्र हा बिघडलेला वारा मोजते. यास्तव डोलकाठीचे टोक हीच उत्तम जागा होय. तेथे शीड, जाळी, केबिन सारे खाली राहते.

या जागेतही खोट आहेच. नौका दोन्ही बाजूंस १५ अंश कलू लागली, तर ६ मीटर उंचीवरील टोक सुमारे ३ मीटरचा झोका घेते, आणि वाट्यांचा वेग सारखा कमीजास्त होतो. म्हणून क्षणाचा आकडा न घेता काही मिनिटांची सरासरी घ्यावी. वातकुक्कुटाची खूण नौकेच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, नेमकी जुळवावी. ती तिरपी बसली, तर दिशा कायमची चुकते.

सर्वांत मोठी फसवणूक नौकेच्या चालीमुळे होते. मासळी घेऊन नौका ८ नॉट वेगाने पूर्वेस, बंदराकडे, निघाली आहे आणि पाठीमागून २० नॉटचा वारा येत आहे, असे समजा. यंत्र केवळ १२ नॉट दाखविते. खलाशांना हवा शांत वाटते. तीच नौका त्याच वेगाने उलट वळली, तर यंत्रावर २८ नॉट दिसतील! म्हणून पाठीवर वारा घेऊन येणारा जाणता तांडेल यंत्रावरील आकड्यात नौकेचा वेग मिळवितो, आणि मगच जाळे पुन्हा टाकावे की नाही ते ठरवितो.